विसाजी वैद्याची धुरी

"अठरा घातल्या, बुवा. एकोणिसावी कोणती?"

रेवणबुवा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकलंत का? माझ्या धुरीत अठरा वनस्पती आहेत. एखादी राहिली असणार. तेवढी सांगा, म्हणजे मी उतरायला लागतो."

"आधी बस तर."

"बसायला वेळ नाही."

"मग उभ्याने ऐक. एकोणिसावी मला ठाऊक नाही."

विसाजी वैद्याचा चेहरा पडला. डोंगर चढून छाती भरून आली होती, थंडीने कान लाल झाले होते, आणि एवढं करून हाती आलं काय, तर नकार.

आता हे विसाजी वैद्य कोण, ते आधी सांगायला हवं. बागलाणात डोंगराखाली चिंचवे नावाचं गाव आहे, तिथले ते वैद्य. तरुणपणी नऊ वर्षं याच रेवणबुवांच्या हाताखाली त्यांनी पाला ओळखला, मुळ्या खणल्या, काढे उकळले. पुढे खाली जाऊन नाव काढलं. इतकं काढलं, की वर बुवांच्या झोपडीकडे यायला त्यांना बारा वर्षं सवड झाली नाही. वाटेत कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "बुवांनी मला वनस्पती दाखवल्या, धुरी मात्र माझी स्वतःची."

आणि धुरी होतीही तशीच नामी. वेखंड, ओवा, बाळंतशेपा, गुग्गुळ, ऊद, कडुलिंबाचा पाला, लसणाची सालं... अशा अठरा जिनसा कुटून केलेली पूड. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीतल्या निखाऱ्यांवर ती टाकायची, दार लावून घ्यायचं, की खोलीतली हवा शुद्ध होते, असं विसाजींचं सांगणं. पंचक्रोशीत हिवाळ्यात मूल जन्मलं, की पहिला माणूस विसाजींकडे पुडी आणायला धावायचा.

"मला ठाऊक नाही," असं बुवा म्हणाले, तेव्हा विसाजी आधी रागावले. मग त्यांना आठवलं की आज रागवायची ऐपत नाही. ते खाली बसले.

"बुवा, सगुणा बाळंत झाली. मुलगी आहे. वीस दिवसांची."

"बरं झालं."

"बाळाला आठ दिवस खोकला आहे. छाती घरघर वाजते. दूध अर्ध्यावर सोडते. आणि परवापासून..."

ते थांबले. बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"परवापासून?"

"रडतच नाही. तोंड उघडते, आवाज निघत नाही. तिची आजी गोदा शेजारणींना सांगते, आमची नात किती शहाणी, बघा, कशी गप्प असते. मी वैद्य आहे, बुवा. न रडणारं तान्हं मला कळतं."

सगुणा त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतर सात वर्षांनी कूस उजवलेली. जावई मुलीचं तोंड बघायला अजून यायचा होता.

बुवा उठले. खुंटीवरची घोंगडी त्यांनी खांद्यावर टाकली, काठी घेतली.

"तुम्ही कशाला? डोंगर उतरायचं तुमचं वय आहे का?"

"तुझी एवढी नावाजलेली धुरी. मी अजून पाहिली नाही."

पौषातली सकाळ होती. बागलाणची पौषातली थंडी ज्याने सोसली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही. गवतावर दव गोठलेलं, पायवाट निसरडी. बुवा पुढे, विसाजी मागे.

"धुरी किती वेळा देतोस?" बुवांनी विचारलं.

"आधी दोनदा द्यायचो. खोकला सुरू झाला तशी चारदा केली."

"मग?"

"खोकला वाढला, म्हणून आठ वेळा केली. आता तर शेगडी विझूच देत नाही."

"आणि खोकला?"

"वाढतोच आहे. म्हणून तर म्हणतो, एक वनस्पती कमी पडतेय."

"हं..."

या एका हुंकारावर बुवा अख्खा डोंगर उतरले.

विसाजींचं घर दगडी भिंतींचं, वर कौलं. ओसरी, माजघर, आणि माजघराच्या आत बाळंतिणीची खोली. खोलीच्या दाराला बाहेरून गोधडी टांगलेली होती. फटीत चिंध्या बसवल्या होत्या. विसाजींच्या बायकोने, गोदाबाईंनी, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुसलं, "कोणती वनस्पती द्यायची ठरली?"

बुवा सरळ दाराशी गेले. गोधडी उचलून त्यांनी आत पाहिलं.

खोलीत भरदिवसा अंधार होता. बाजेवर सगुणा, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बाजेखाली एक शेगडी धगधगत होती. कोपऱ्यात दुसरी. तिच्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली आणि टोपलीवर बाळाची ओली दुपटी वाळत घातलेली. दुपट्यांची वाफ आणि धुरीचा धूर एकमेकांत मिसळून आढ्याला लागले होते.

"या भिंतीत झरोका होता," बुवा म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या वेळी मी पाहिलाय."

"होता. दिवाळीनंतर मीच विटा लावून शेणमातीने लिंपून टाकला."

"का?"

"धुरी बाहेर जाऊन वाया जात होती."

बुवांनी गोधडी खाली सोडली.

"लेकीला आणि नातीला ओसरीवर घ्या. उन्हात. नीट गुंडाळून."

गोदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "महिनाही झाला नाही, बुवा. बाळंतिणीला बाहेर कसं काढायचं? वारा लागला म्हणजे?"

"मी आहे ना."

बुवांचा शब्द मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. सगुणाला धरून बाहेर आणलं. उजेडात तिचे डोळे मिटले. ते लाल झालेले होते, पापण्या सुजलेल्या. बाळाच्या ओठांवर निळसर झाक होती. विसाजींनी ती पाहिली आणि नजर वळवली.

"चल, विसू," बुवा म्हणाले, "त्यांच्या जागा मोकळ्या झाल्या. आपण दोघं आत बसू."

"आपण? ते कशाला?"

"धुरी बघायला आलोय ना मी. पूड टाक, दार लाव आणि माझ्याजवळ बस. एकशे आठ वेळा नाम घ्यायचं. मग उठायचं."

विसाजी जरासे खूशच झाले. म्हटलं, गुरूला माझी विद्या तरी कळेल. चिमूटभर पूड पुरली असती, त्यांनी मूठभर टाकली. दार लावलं, मांडी घातली, डोळे मिटून नाम सुरू केलं.

पहिल्या दहा नामांपर्यंत त्यांना एकेक वास वेगळा ओळखू येत होता. हा वेखंड, हा ऊद, हा शेपा. काय मिश्रण जमलंय, असंही मनात आलं.

विसाव्या नामाला डोळे चुरचुरले.

पंचविसाव्याला सगळे वास गेले. नुसता धूर उरला.

तिसाव्याला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. खोकायची लाज वाटली, म्हणून त्यांनी खोकला गिळला. डोकं जड झालं, कानशिलं ठणकू लागली. शेजारी बुवा दगडासारखे बसले होते.

आणि तेव्हा विसाजींच्या लक्षात आलं, की या खोलीत ते आज पहिल्यांदा बसत होते. वीस दिवस त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून पूड फेकली होती, दार ओढून घेतलं होतं आणि ओसरीवर जाऊन लोकांना धुरीचं महत्त्व सांगितलं होतं. इतकी वर्षं ते हेच करत आले होते. गावोगावच्या किती खोल्या, आणि ते कुठल्याच खोलीत बसले नव्हते.

एकेचाळिसावं नाम ओठांवर आलं, आणि विसाजी उठले. दार ढकललं, गोधडीत अडखळले, माजघर ओलांडलं आणि ओसरीच्या खांबाला धरून खोकत सुटले. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

पाठोपाठ बुवाही बाहेर आले. तेही खोकत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"मी पस्तिसालाच गळपटलो होतो. तू कधी उठतोस, याची वाट बघत होतो."

विसाजींना हसूही येईना आणि रडूही येईना.

"विसू, तू बाहेर कसा आलास?"

"कसा म्हणजे... पायांनी."

बुवा सगुणाच्या मांडीकडे पाहत राहिले. दुपट्याची घडी सुटून बाळाच्या पायांचे दोन तळवे बाहेर आले होते. एकेक तळवा विसाजींच्या अंगठ्याएवढा.

"हिला चालायला," बुवा सावकाश म्हणाले, "अजून वर्ष लागेल."

विसाजी होते तिथेच खाली बसले. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"सगुणे, तुला त्रास होत होता?"

"होत होता, अण्णा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं औषध होतं. म्हटलं, औषध कडू असतं तसा धूर असेल. सोसायला हवा."

यावर विसाजींना रडू फुटलं. गावातला मोठा वैद्य भर ओसरीवर, बायकोसमोर, लेकीसमोर हुंदके देऊन रडला. आजवर त्यांना कुणी तसं पाहिलं नव्हतं.

मग ते उठले. गोठ्यात गेले, पहार घेऊन आले, आणि बाळंतिणीच्या खोलीची भिंत ठोकू लागले.

"अहो, हे काय करताय?" गोदाबाई किंचाळल्या. "थंडीचे दिवस आहेत."

"थंडीला गोधड्या आहेत, गोदे. धुराला काय आहे?"

दोन घाव, चार घाव. शेणमातीचा पोपडा सुटला, आतल्या विटा निघाल्या, आणि झरोक्यातून सकाळचा उजेड खोलीत पडला. उजेडात धूर दिसला. केवढा धूर. तो झरोक्याकडे सरकला आणि वळवळत बाहेर जाऊ लागला. विसाजी पहार टेकून त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"बुवा, एकोणिसावी वनस्पती..."

"आधी अठरा बाहेर काढ."

दोन्ही शेगड्या अंगणात गेल्या. पुडीचा डबा उकिरड्यावर गेला. बुवा तोंडाने काही सांगत नव्हते, आणि सांगायची गरजही नव्हती. एकदा डोळे उघडल्यावर विसाजींमधला वैद्य कामाला लागला. ओली दुपटी त्यांनी अंगणातल्या दोरीवर उन्हात नेली. चुलीचा धूर आत येऊ नये म्हणून माजघराचं मधलं दार लोटून घेतलं आणि परसाकडचं उघडं टाकलं. अंगणातल्या जाळावर विटा तापवल्या, धुरकट वास जाईपर्यंत बाहेरच ठेवल्या, जाड फडक्यात गुंडाळल्या, आपल्या दंडाला लावून चटका बसत नाही ना ते पाहिलं, आणि मग सगुणाच्या पायांशी ठेवल्या. बाळाला तिच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, दोघींवर मिळून दोन गोधड्या. खोलीत ऊब राहिली आणि धूर गेला.

तो दिवस तसाच गेला. बाळ रडलं नाही.

गोदाबाई नवऱ्याशी बोलेनात. गावात बातमी फिरली, की वैद्यबुवांनी स्वतःच्याच घराला भोक पाडलं. पारावर हसाहस झाली. बुवा ओसरीवर घोंगडी अंथरून बसले होते, ते उठायचं नाव घेईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसाजींनी पागोटं बांधलं.

"कुठे निघालात?" गोदाबाईंना शेवटी विचारावंच लागलं.

"गावात अजून तीन बाळंतिणी आहेत. तिघींच्या खोल्यांत माझी धुरी जळतेय."

"आपल्या बाळाचं काय होतंय ते तर बघा आधी. उद्या काही वाईट झालं, तर लोक म्हणतील, भोक पाडलं म्हणून झालं."

"म्हणू देत."

गोदाबाईंनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी डोळे मिटून घेतले होते.

विसाजी पहिल्या दारात गेले. म्हणाले, "माझं चुकलं. शेगडी बाहेर काढा, झरोका उघडा." घरची म्हातारी म्हणाली, "वैद्यबुवा, गेल्या वर्षी तुम्हीच तर बंद करायला लावला होता." विसाजी म्हणाले, "म्हणूनच मी स्वतः आलोय." आणि तिने पदर खोचायची वाट न बघता त्यांनीच फटींतल्या चिंध्या उपसायला सुरुवात केली. दुसऱ्या दारात त्यांना चार शब्द ऐकावे लागले. तिसऱ्या दारात एका तरण्या बापाने तोंडावर विचारलं, "मग इतके दिवस आमच्या पोराला धूर पाजत होतात का?"

विसाजींनी मान खाली घातली. "हो. पाजत होतो."

असं उत्तर ऐकायची त्या बापाची तयारी नव्हती. तो आत गेला आणि शेगडी उचलून घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या ओठांवरची निळी झाक गेली. चौथ्या दिवशी तिने एका बाजूचं दूध पुरं प्यायलं आणि सगुणाने ते आईला हाक मारून सांगितलं. पाचव्या दिवशी छातीची घरघर इतकी कमी झाली, की विसाजींना कान टेकून ऐकावी लागली. पण ती रडली नाही. तोंड उघडायची, हुं हुं करायची आणि झोपायची.

विसाजींची झोप उडाली होती. एकोणिसावी वनस्पती त्यांनी आता विचारली नाही.

सहाव्या दिवशी, उन्हं कौलांवर आली तेव्हा, गोदाबाईंनी बाळाला न्हाऊ घातलं. अंग पुसून, कोरड्या कडकडीत दुपट्यात गुंडाळून तिला ओसरीवर आणलं. सगुणा पाजायला बसेपर्यंत क्षणभर उशीर झाला.

आणि बाळाने टाहो फोडला.

साधासुधा नव्हे. घर दणाणलं. गोठ्यातल्या गाईने मान वर केली. बाळाचं तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय झाडतेय, आणि आवाज असा, की पारावरची माणसं उठून उभी राहिली. गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सगुणा हसत होती आणि रडत होती. विसाजींना काय करावं सुचेना, ते नुसते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले.

बघता बघता अंगण भरलं. पहिल्या दारातली म्हातारी आली, चार शब्द सुनावणारी बाई आली, तो तरणा बाप पोराला खांद्यावर घेऊन आला. त्याचं पोरही चांगलं टवटवीत दिसत होतं.

"वैद्यबुवा, हिला दिलंत तरी काय?" म्हातारीने विचारलं.

झालं. एवढा जमाव, समोर प्रश्न, आणि वैद्यकी चाळीस वर्षांची. विसाजींनी पागोटं सारखं केलं. घसा खाकरला. ओसरीच्या पायरीवर उभे राहिले.

"मंडळी, नीट ध्यान देऊन ऐका. आपल्या शरीरात पाच प्रकारचे वायू आहेत. त्यातला पहिला जो प्राण..."

बाळाने वरचा सूर लावला.

"पहिला जो प्राण, त्याचं स्थान..."

कुणाला काही ऐकू येईना. मागची माणसं कानाला हात लावून पुढे झुकली. विसाजींनी आवाज चढवला, बाळाने त्याहून चढवला. तरणा बाप हसू लागला. सगळं अंगण हसू लागलं. पण विसाजींचं अजून पुरं व्हायचं होतं.

"सगुणे," ते वळून म्हणाले, "जरा गप्प कर बघू तिला. मी सांगतोय ना."

रेवणबुवा सहा दिवस ज्या घोंगडीवर बसले होते तीवरून उठले. काठी टेकत ते पायरीशी आले, आणि त्यांनी विसाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू थांब, विसू. ती सांगतेय."